टेंभूचे आगरकर आणि बातमीची तहकीक

विटा, खानापूर, आटपाडी भागात टेंभू म्हटलं की पाणी आठवतं. कृष्णेचं पाणी उचलून आपल्या दुष्काळी शिवारात आणणारी योजना त्याच गावाच्या नावाने ओळखली जाते. पण कराडजवळच्या या टेंभूची आणखी एक ओळख आहे. १४ जुलै १८५६ रोजी इथे गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला.

घरची परिस्थिती फारच गरिबीची. मिळेल ते काम करत ते शिकले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. झाले. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, पण त्यांनी तुटपुंज्या पगारावर न्यू इंग्लिश स्कूलची मास्तरकी पत्करली. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' साप्ताहिक सुरू झालं आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. इंग्रजी 'मराठा' टिळकांकडे होता.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, अशी त्या वेळी चर्चा होती. त्यातच पुरावा म्हणून काही पत्रं हाती आली आणि ती छापली गेली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात पत्रं बनावट ठरली. माफी मागूनही १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून १०१ दिवस ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगात होते. आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. महाराजांबद्दलची काळजी खोटी नव्हती. १८८३ च्या डिसेंबरमध्ये ते अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. मुद्दा खरा होता, पण पुरावा कच्चा निघाला, म्हणून बोलणाऱ्यांनाच तुरुंगात जावं लागलं.

पुढे समाजसुधारणेवरून सहकाऱ्यांशी मतभेद झाले. छापायचं काय आणि गाळायचं काय, हा वाद होताच. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये मराठी-इंग्रजी 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू गोखले सांभाळत. बालविवाह, केशवपन यांवर ते सडेतोड लिहीत. चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी लेखणी थांबली नाही. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने शरीर पोखरलं होतं. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले.

त्या काळी एकेक खिळा हाताने जुळवून मजकूर छापत. अंक निघायला आठवडा लागे, तरी चूक झाली. आज आपल्या मोबाईलवर विचार करायला एक मिनिटही कोणी घेत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. मस्जिदीत नमाजासाठी गेलेला माणूस घरी परतला नाही.

तहकीक हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. मेसेज कुठून आला, फोटो कधीचा, कुठल्या गावचा, हे आधी मुलांना विचारायला शिकवा. आणि हो, आपल्या बाजूचा मेसेज असेल तर दुप्पट तपासा. आपल्याला पटणारी बातमी तपासायला मन तयार होत नाही, आणि बनावट पत्रं नेमकी तिथूनच घुसतात.