वसईचा दुभाषा



येत्या ५ फेब्रुवारीला संत गोन्सालो गार्सिया यांच्या हौतात्म्याचा दिवस आहे. जागतिक ख्रिस्तसभा दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती या नावाने २६ रक्तसाक्ष्यांचे एकत्र स्मरण करते. आपण वसईकर मात्र आपल्या माणसाचे नाव आधी घेतो, आणि त्यात काही चूक आहे असे आम्हाला वाटत नाही.

सण जवळ आला की धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले नाटिका बसवतात. पडदा उघडतो तोच बहुधा नागासाकीच्या टेकडीवर. क्रूस, भाले, शिपाई, आणि मधोमध आपला गोन्सालो. मुले मन लावून करतात, आयांचे डोळे पाणावतात. पण क्रूसावर चढले तेव्हा गोन्सालो चाळीस वर्षांचे होते. त्याच्या कितीतरी आधी, मिसरूड फुटण्याच्या वयात, ते जपानमध्ये आठेक वर्षे राहिले होते. त्या वर्षांत ना भाले होते ना शिपाई, होते ते रोजचे काम. या खेपेला आम्ही त्या वर्षांबद्दल लिहिणार आहोत, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला अहो-जाहो करणे आम्हाला जमत नाही म्हणून काही काळ त्याला एकेरीच म्हणणार आहोत.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणची. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली होती, आणि येशूसंघाच्या धर्मगुरूंनी इथे शिक्षणाचे काम सुरू केले होते. त्यांच्याच हाताखाली तो शिकला. त्याच्यावर विशेष माया केली ती फादर सेबास्तियाँव गोन्साल्विस यांनी. १५७२ च्या सुमारास हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला निघाला.

तो प्रवास कसा असे, हे आपल्या कोळी बांधवांना सांगायला नको. सगळा कारभार वाऱ्याचा. गोव्याहून मलाक्का, मलाक्काहून मकाव. मकावला नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट पाहायची, आणि तो मिळाला की दोन-तीन आठवड्यांत जपानच्या दक्षिणेकडचे क्यूशू बेट गाठायचे. वारा हुकला की वर्ष हुकले.

संत फ्रान्सिस झेवियर जपानच्या कागोशिमा बंदरात १५४९ मध्ये उतरले होते, म्हणजे गोन्सालो पोहोचला तेव्हा तिथले मिशन जेमतेम तेवीस वर्षांचे होते. देश सरदारा-सरदारांच्या लढायांनी पोखरलेला. ज्या सरदाराचे मन वळले त्याच्या मुलखात चर्च उभे राही, आणि तो हरला की तेच चर्च जळे. नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी १५७१ मध्ये, अगदी नुकतेच, खुले झाले होते. धर्मगुरू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि श्रद्धावंत हजारोंनी वाढत होते. १५८२ च्या सुमारास जपानमधील ख्रिस्ती लोकांची संख्या दीड लाखाच्या आसपास गेली होती.

युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना तिथले घरच आधी अवघड वाटे. पायताण दाराबाहेर काढायचे, गवताच्या चटईवर बसायचे, जमिनीवरच जेवायचे आणि जमिनीवरच निजायचे. भिंतींच्या जागी कागदाची सरकती दारे. फादर लुईस फ्रॉइस यांनी पुढे १५८५ मध्ये युरोपच्या आणि जपानच्या रीती कशा उलट आहेत याची एक लांबलचक यादीच लिहून ठेवली. आम्हाला ती यादी आठवली की हसू येते, कारण तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी वसईच्या आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला मुळीच उलट वाटल्या नसत्या. पायताण बाहेर ठेवणे, मांडी घालून बसणे, भात आणि मासे खाणे यात त्याला शिकण्यासारखे काय होते? शिकायच्या होत्या त्या जेवणाच्या दोन काड्या. आपण बोटांनी कालवून खाणारी माणसे. जपानी मनुष्य अन्नाला बोट लावत नाही. शिकायचा होता तिथला शिष्टाचार, पाहुण्याला चहा देण्याची पद्धत, कोणापुढे किती वाकायचे याचे माप. त्या काळचे मिशनचे प्रमुख फादर फ्रान्सिस्को काब्राल यांना हे सगळे फारसे रुचत नव्हते. १५७९ मध्ये पाहणीसाठी आलेले फादर अलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांनी मात्र मिशनच्या घरांत डुकरे पाळणे आणि टेबलांवरचा अस्वच्छपणा यांवर बोट ठेवले, आणि जपानी लोकांमध्ये राहायचे तर त्यांच्यासारखे राहा असा आदेश दिला.

पण खरी अडचण भाषेची होती. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण एवढ्यावर भागते. जपानीत बोलणारा कोण, ऐकणारा कोण, ज्याच्याविषयी बोलायचे तो कोण, यावर क्रियापदच बदलते. पुरुषांची बोलण्याची ढब वेगळी, स्त्रियांची वेगळी, पत्रातली भाषा आणखी तिसरीच. मोठमोठे विद्वान धर्मगुरू वर्षानुवर्षे तिथे राहून प्रवचनापुरते धैर्य करू शकत नसत. काब्राल यांचे तर मतच होते की युरोपियन माणसाला ही भाषा कधी पुरती यायची नाही. त्यामुळे प्रवचन, धर्मशिक्षण, शंकासमाधान यांचा भार जपानी बंधूंवर आणि सहायकांवर पडे. त्यांपैकी ब्रदर लोरेन्सो हे जवळजवळ आंधळे होते. पूर्वी वीणेसारखे वाद्य वाजवीत गावोगाव फिरणारे हे गृहस्थ. त्यांच्यापुढे भले भले भिक्षू वादात निरुत्तर होत.

या सहायकांच्या मेळ्यात गोन्सालो सामील झाला. तरुण मनाला भाषा लवकर चिकटते. घरात एक, शाळेत दुसरी बोलणाऱ्या मुलाला तिसरी शिकण्याचे भय नसते, हे आपल्या मुलांकडे पाहूनही कळते. थोड्याच काळात त्याची जपानी अशी झाली की लोक त्याला आपला मानू लागले.

या धर्मशिक्षकांचे काम काय असे? मुलांना गोळा करून प्रार्थना पाठ करून घेणे. बाप्तिस्मा मागायला आलेल्यांना दिवसांमागून दिवस बसून श्रद्धेचा अर्थ उलगडून सांगणे. फादर आले की त्यांच्या बाजूला बसून त्यांचे बोलणे लोकांना आणि लोकांचे बोलणे त्यांना सांगणे. आजाऱ्याकडे जाणे. आणि प्रेत उचलणे. गरिबाला तिथे धड अंत्यविधी मिळत नसे. ख्रिस्ती मंडळी गरिबालाही श्रीमंतासारखा मान देऊन पुरतात, हे पाहून कित्येक घरे चर्चकडे वळली. ज्या सेवेची जाहिरात कोणी करीत नाही, तीच लोक न बोलता पाहत असतात.

दुभाष्याच्या कामात एक मोठा खड्डा होता. संत फ्रान्सिस झेवियर यांना जपानची पहिली ओळख करून दिली ती आंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाने, ज्याचा बाप्तिस्मा १५४८ मध्ये गोव्यात झाला होता. देव या अर्थी आंजिरोने दाइनिची हा शब्द सुचवला. झेवियर रस्त्यारस्त्यांत त्या नावाने उपदेश करू लागले. भिक्षू खूश झाले, कारण दाइनिची हे त्यांच्याच एका बुद्धाचे नाव होते. चूक लक्षात येताच झेवियर यांनी तो शब्द टाकला आणि लॅटिन देऊस हाच शब्द वापरायला सुरुवात केली. जपानी जिभेवर त्याचे देऊसू झाले. मग विरोधकांना नवेच हत्यार मिळाले, कारण दाइ उसो म्हणजे मोठे असत्य, आणि ते मुद्दाम तसा उच्चार करून टिंगल करीत. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना शब्द आणि वस्तू यांच्या नात्यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. वसईच्या या पोराला तो प्रश्न दररोज, समोर बसलेल्या शेतकऱ्याला उत्तर देताना सोडवावा लागत होता. परका शब्द ठेवला तर लोक हसतात, ओळखीचा घेतला तर अर्थ निसटतो. (त्याच पिढीतले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांनी आपल्या मराठी ख्रिस्तपुराणात वैकुंठासारखे शब्द निःसंकोच घेतले. त्या दोन वाटांपैकी कोणती बरोबर, यावर आमचे आणि आमच्या एका सहाध्यायाचे अजून एकमत झालेले नाही.) जपान्यांनी पोर्तुगीज शब्द असेच पचवले. फादर म्हणजे बातेरेन, ब्रदर म्हणजे इरुमान, प्रार्थना म्हणजे ओराशो. पावाला ते आजही पान म्हणतात. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज भट्टीतले आहेत.

आठ वर्षे अशी गेली. गोन्सालोच्या मनात एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही.

इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. १५७७ मध्ये जुआंव रॉड्रिग्ज नावाचा एक पोर्तुगीज मुलगा जपानला आला. वय तसेच, सोळाच्या आसपास. तोही पोरवयातच जपानी शिकला, तोही दुभाषा झाला. १५८० मध्ये उसुकी येथे येशूसंघाचे नवशिक्षालय उघडले आणि रॉड्रिग्जला त्याच वर्षी प्रवेश मिळाला. पुढे ते जपानी भाषेचे पहिले मोठे व्याकरण लिहिणारे म्हणून जगप्रसिद्ध झाले. गोन्सालो त्यांच्या पाच वर्षे आधी आला होता. व्हालिन्यानो यांनी जपानी तरुणांना संघात घ्यावे म्हणून आग्रह धरला, ते त्यांचे मोठेपण. पण हिंदुस्थानात जन्मलेल्यांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते, आणि मिश्र रक्ताच्या मुलांविषयी वरिष्ठ साशंक असत. आपल्याच ख्रिस्तसभेतली ही गोष्ट आहे. ती झाकून संतचरित्र सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. काम चालत होते, जीभ चालत होती, माणूस चालत नव्हता.

पंचविशीच्या आत-बाहेर असलेला हा तरुण मिशनचे घर सोडून व्यापारात शिरला. जपानी येत होती, बंदरे माहीत होती, लोक ओळखत होते. धंदा चांगला चालला. सुखाने संसार थाटून मोकळे होता आले असते. पण मनिलात त्याची गाठ फ्रान्सिस्कन मंडळींशी पडली. ब्रदर हुआन पोब्रे यांच्या सहवासात जुनी इच्छा पुन्हा वर आली, आणि कमावलेले सारे सोडून त्याने फ्रान्सिस्कन झगा अंगावर घेतला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा धर्मबंधू म्हणून. आता आम्हीही त्यांना ब्रदर गोन्सालो म्हणू.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील म्हणून फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो सोबत होते. जपानचा सर्वेसर्वा आता हिदेयोशी होता. १५८७ मध्येच त्याने मिशनऱ्यांना हद्दपारीचा हुकूम काढला होता, जरी तो सैलपणे पाळला जात होता. क्यूशूतल्या नागोया किल्ल्यावर भेट झाली. हिदेयोशीला फिलिपाइन्सने आपले मांडलिकत्व पत्करायला हवे होते, फादरांना फक्त मैत्री देऊ करायची होती. त्या दोन वाक्यांच्या मधोमध आपला वसईकर उभा होता, आणि कोणत्या क्रियापदाचे कोणते रूप वापरावे हे त्याला क्षणात ठरवायचे होते. भेट निभावली. फ्रान्सिस्कनांना क्योतोमध्ये जागा मिळाली. तिथे १५९४ मध्ये त्यांनी देवदूतांच्या राणीच्या नावाने चर्च बांधले आणि लवकरच कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळे उघडली. आपल्या माणसांनीही टाकलेल्या त्या रोग्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारे कोणी तरी त्या घरात होते.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यातला माल जप्त झाला, संशय पेटला, आणि डिसेंबरात क्योतोतल्या मठाला पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ रोजी कैद्यांचे डाव्या कानाचे टोक कापण्यात आले. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत महिनाभराची वाट. त्यांच्यात बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता. वाटेत आणखी दोघे मिळून ते सव्वीस झाले.

५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. परंपरा सांगते की सर्वांत आधी क्रूसावर घेतले गेले ते ब्रदर गोन्सालो. येशूसंघाच्या दोघांना मरणाऱ्यांना धीर देण्यासाठी क्रूसांजवळ जाण्याची परवानगी मिळाली होती. एक फादर फ्रान्सिस्को पासियो. दुसरे जुआंव रॉड्रिग्ज, तोच सोळा वर्षांचा पोर्तुगीज मुलगा, आता पस्तिशीचा. क्रूसांच्या रांगेतून ते फिरत राहिले, आणि त्या रांगेत वर, त्यांच्याआधी जपानी शिकलेला वसईचा दुभाषा होता.