आरोपीच्या पाठीशी उभे राहिलेले सार्वजनिक काका

पुण्याच्या सार्वजनिक जीवनाची पायाभरणी करणारे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यात झाला. पुढे पुण्यात त्यांनी वकिली सुरू केली. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन करून त्यांनी रयतेची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडण्याचा सनदशीर मार्ग घालून दिला. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते खादी परिधान करून गेले.

भीमथडीच्या मुलखात त्या काळी असंतोष धुमसत होता. १२ मे १८७५ रोजी पाटसच्या दक्षिणेकडील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पाठोपाठ दुष्काळ आला. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला छापा घातला. जुलैमध्ये ते पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला.

आरोप सरकारविरुद्ध युद्धाच्या तयारीचा व दरोड्यांचा होता. फडक्यांची स्वतःच्या हातची रोजनिशीच पुराव्यात होती. सरकारची संशयी नजर इतकी तीव्र होती, की न्यायमूर्ती रानड्यांचीही त्या वर्षी धुळ्याला बदली झाली. अशा वेळी फडक्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे राजद्रोहाचा शिक्का ओढवून घेणे होते. सनदशीर मार्गाचे पुरस्कर्ते असलेल्या काकांनी ते घेतले.

फौजदारी कायद्याचे मर्म या निर्णयात दिसते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर टाकली होती. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य नव्हता. स्वसंरक्षणाचा हक्क दंडसंहितेने मान्य केला, तरी तो शाबीत करण्याचा भार आरोपीवरच होता. वकिलावाचून ही सारी संरक्षणे कागदावरच राहतात.

निकाल विरुद्ध गेला. फडक्यांना जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचे निधन झाले. काका त्याआधीच, २५ जुलै १८८० रोजी कालवश झाले होते.

पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क पुढे भारतीय राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या व्यक्तीला दिला. तसा हक्क घटनेत नसताना काकांनी तो आपल्या कृतीने जपला होता.