होळकरांच्या इंदूरमध्ये तयार झालेली कंपोस्टची पद्धत जगभर नेणारे अल्बर्ट हॉवर्ड

बाल्कनीत चार कुंड्या ठेवणाऱ्या कुणाच्याही फीडवर कधी ना कधी 'कंपोस्ट टी'ची रील येतेच. चांगलं कुजलेलं खत एक-दोन दिवस पाण्यात भिजवायचं, त्यात हवा सोडत राहायची आणि ते पाणी झाडांना घालायचं. खतातले जिवाणू आणि बुरशी मातीत जाव्यात, हा त्यामागचा हिशेब.

झाडाला नुसतं खाऊ घालून भागत नाही, मातीतले जीवही सांभाळावे लागतात. हा विचार जगभर नेणाऱ्यांमध्ये सर अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव फार वरचं आहे. ते इंग्रज होते, पण त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम झालं ते होळकर संस्थानातल्या इंदूरमध्ये.

शेतकऱ्याचा मुलगा, पण शेत नाही

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या शेतकरी घरातला. केंब्रिजमध्ये शिकून ते वेस्ट इंडीजला गेले आणि उसासारख्या पिकांवरचे रोग अभ्यासू लागले. पण रोग तपासायचा प्रयोगशाळेत आणि सल्ला द्यायचा शेतकऱ्याला, हे त्यांना खटकायचं. स्वतःच्या शेतात करून न बघितलेला सल्ला दुसऱ्याला कसा द्यायचा, असा त्यांचा प्रश्न होता.

१९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले आणि त्यांना हवी तशी जमीन मिळाली. आता शेतकऱ्यांना शिकवायचं, अशा तयारीने आलेल्या या माणसाला उलटंच चित्र दिसलं. आजूबाजूचे शेतकरी ना विकतची खतं वापरत होते, ना औषधं फवारत होते, तरी त्यांच्या पिकांवर कीड-रोग कमी होता.

मग हॉवर्ड यांनी या शेतकऱ्यांनाच गुरू केलं. कीड म्हणजे फक्त मारायचा शत्रू नाही, माती किंवा लागवडीत काहीतरी चुकतंय याची ती खूण आहे, या मतावर ते आले.

पुसा सोडून इंदूर का?

पुशात त्यांचं काम चांगलं चाललं होतं. 'पुसा ४' आणि 'पुसा १२' हे गव्हाचे वाण तिथेच तयार झाले. पण संस्थेत कीटकांचा विभाग वेगळा, बुरशीचा वेगळा, रसायनांचा वेगळा. पीक मात्र या सगळ्यांचं मिळून एकच असतं. विभागांच्या या भिंती हॉवर्ड यांना जाचू लागल्या.

म्हणून १९२४ मध्ये इंदूरला नवी संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने जमीन दिली, तर कापूस संशोधनासाठीच्या केंद्रीय समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा. हॉवर्ड तिचे संचालक झाले.

इथली जमीन काळी, कापसाची. शेण बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. मग शेताला परत काय द्यायचं? उत्तर शेतातच पडलेलं होतं. पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, काडीकचरा.

पऱ्हाट्या टणक, लवकर कुजत नाहीत. त्यावर साधा उपाय निघाला. त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यायच्या.

खड्ड्यात नेमकं काय व्हायचं?

उथळ खड्ड्यात या काडीकचऱ्याचे थर लावायचे. त्यावर शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख. मग पाणी शिंपडायचं आणि पुढे तीन वेळा पालटायचं.

काडीकचऱ्यात कार्बन जास्त, शेण-मूत्रात नायट्रोजन जास्त. दोन्हींचा मेळ बसला, ओल आणि हवा मिळाली की आधी बुरशी कामाला लागते, मग जिवाणू. ढीग दाबून बसला तर हवा कोंडते, कुजण्याऐवजी सडतो आणि घाण वास सुटतो. पालटायचं ते यासाठी. साधारण तीन महिन्यांत खत तयार.

चीनमधल्या शेतकऱ्यांची शेकडो वर्षांची पद्धत हॉवर्ड यांनी वाचली होती, भारतातली डोळ्यांनी पाहिली होती. इंदूरमध्ये या जुन्या शहाणपणाला मोजमाप मिळालं.

नाव एकाचं, काम अनेकांचं

या पद्धतीला हॉवर्ड यांचं नाही, 'इंदूर पद्धत' म्हणून गावाचं नाव मिळालं. तरी श्रेय मात्र बहुतेक वेळा त्यांनाच जातं.

त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. पुशातल्या संशोधनात आणि इंदूरच्या संस्थेच्या आखणीत त्या बरोबरीच्या होत्या. १९३० मध्ये त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी इंदूर सोडलं. १९३१ मध्ये या पद्धतीवरचं पुस्तक आलं, त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत सहकारी यशवंत वाड यांचं नाव आहे. खड्डे भरणाऱ्या, खत पालटणाऱ्या मजुरांची नावं मात्र त्या गोष्टीत कुठेच येत नाहीत.

इंदूरनंतर

पुढे ही पद्धत केनियातल्या कॉफीच्या आणि भारत-श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत पोहोचली. १९३४ मध्ये हॉवर्ड 'सर' झाले, तर १९३५ मध्ये गांधीजी इंदूरच्या संस्थेत येऊन हे काम पाहून गेले. १९४० मध्ये आलेलं हॉवर्ड यांचं 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' हे पुस्तक सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा पाया मानलं जातं.

रासायनिक खतांच्या बाजूच्या शास्त्रज्ञांशी त्यांचे शेवटपर्यंत खटके उडाले. माती सुधारली की पिकांचे, जनावरांचे आणि माणसांचेही रोग हटतात, इथपर्यंत ते जायचे. तो सगळा दावा विज्ञानाने मान्य केलेला नाही. पण जमिनीतून जे घेतलं ते जमिनीला परत करा, ही त्यांची गोष्ट टिकली.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, हॉवर्ड गेले. इंदूरच्या त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे.

आणि ती कंपोस्ट टी? ती कशी होणार हे बादलीतल्या पाण्यापेक्षा आत टाकलेल्या खतावर ठरतं. ते खत नीट कुजलेलं हवं, आणि नीट कुजवायचं कसं ते इंदूरच्या खड्ड्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय.