सगळ्यांनाच आठवते, म्हणून ते खरे?

हिमगौरी आणि सात बुटक्यांच्या गोष्टीवर वॉल्ट डिस्ने यांनी काढलेला कार्टूनपट १९३७ मध्ये आला. त्यातली दुष्ट राणी आरशासमोर उभी राहते आणि जगात सर्वांत सुंदर कोण, असे त्याला विचारते. मूळ इंग्रजी चित्रपट पाहिलेले पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात, की राणी आरशाला लागोपाठ दोनदा हाक मारते. प्रत्यक्षात ती आरसा हा शब्द एकदाच उच्चारते आणि त्याच्याआधी जादूचा हे विशेषण लावते. तीच गत पोकेमॉनमधल्या पिवळ्याधमक पिकाचूची. त्याच्या शेपटीचे टोक काळे होते, असे अनेकांना आठवते. काळी टोके असतात ती त्याच्या कानांना; शेपटी फक्त बुडाशी तपकिरी आहे.

एकमेकांना कधी न भेटलेली माणसे नेमकी एकच चूक कशी करतात? या प्रकाराला हल्ली मंडेला इफेक्ट म्हणतात. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, असे अनेकांना आठवत होते. वास्तविक ते १९९० मध्ये सुटले आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. नाव नवे असले, तरी या कोड्याच्या उत्तराचा पाया सुमारे शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजमधल्या एका मानसशास्त्रज्ञाने घातला. त्यांचे नाव सर फ्रेडरिक बार्टलेट.

बार्टलेट यांचा जन्म २० ऑक्टोबर १८८६ रोजी इंग्लंडमधल्या स्टो-ऑन-द-वोल्ड या छोट्या गावात झाला. वडिलांचा बूट बनवण्याचा व्यवसाय होता. किशोरवयात फ्लुरसीने, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या सुजेने गाठले आणि बरेचसे शिक्षण घरीच वाचून करावे लागले. लंडन विद्यापीठाची तत्त्वज्ञानाची पदवी त्यांनी १९०९ मध्ये मिळवली. पुढे ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. त्यांना खरे तर मानववंशशास्त्रज्ञ व्हायचे होते. डॉ. रिव्हर्स या गुरूंनी सुचवले, की आधी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत हात तयार कर. तो सल्ला त्यांनी मानला आणि ते तिथलेच झाले.

पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा प्रकृतीमुळे बार्टलेट सैन्यात जाऊ शकले नाहीत. ज्येष्ठ मंडळी युद्धकामाला गेल्याने प्रयोगशाळा सांभाळण्याची जबाबदारी या तरुणावर आली. अत्यंत क्षीण आवाज माणसाला कसे ओळखता येतात, यावर त्यांनी तिथे काम केले. त्या कामात सोबत असलेल्या मेरी स्मिथ यांच्याशी १९२० मध्ये त्यांचा विवाह झाला.

स्मरणशक्तीवरचे त्यांचे प्रसिद्ध प्रयोग याच सुमारास सुरू झाले. त्यापूर्वी जर्मनीत एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून स्मृती मोजली होती. बार्टलेट यांना ही पद्धत पटेना. माणूस आयुष्यात निरर्थक अक्षरे लक्षात ठेवत नाही. गोष्टी, चेहरे, प्रसंग लक्षात ठेवतो. म्हणून त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा निवडली. दोन तरुण सीलच्या शिकारीसाठी नदीवर जातात. युद्धाला निघालेली एक होडी येते आणि त्यातला एक जण तिच्यात बसून जातो. लढाईत तो जखमी होतो, पण त्याला वेदना होत नाहीत. सोबतचे योद्धे भुते आहेत, असे त्याला वाटते. घरी परतल्यावर सूर्योदयाला त्याच्या तोंडातून काहीतरी काळे बाहेर येते आणि तो मरतो.

इंग्रज वाचकांना ही कथा विचित्र वाटली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि पंधरा मिनिटांनी, मग काही दिवसांनी, महिन्यांनी, काहींनी तर वर्षांनी पुन्हा लिहून दिली. कथा आखूड होत गेली. सीलची शिकार मासेमारी झाली. भुते अनेकांच्या कथेतून गायबच झाली. तोंडातून आलेले काळे काहीतरी कुणाच्या लिखाणात फेस झाले, तर कुणाच्या लिखाणात बाहेर पडणारा आत्मा. मुद्दाम खोटे कुणीच लिहिले नव्हते. जे आपल्या ओळखीच्या जगात बसत नव्हते, ते प्रत्येकाने नकळत बसवून घेतले होते.

दुसऱ्या प्रयोगात एकाने आठवून काढलेले चित्र दुसऱ्याला दाखवायचे, दुसऱ्याचे तिसऱ्याला, अशी साखळी होती. प्राचीन इजिप्तच्या लिपीतल्या घुबडाच्या आकृतीपासून सुरुवात झाली. अठरा जणांच्या हातून जाता जाता त्या घुबडाची काळी मांजर झाली.

यातून बार्टलेट यांनी निष्कर्ष काढला, की स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नाही. दर वेळी आठवताना मेंदू हाती असलेल्या थोड्या तपशिलांतून प्रसंग नव्याने उभा करतो आणि रिकाम्या जागा आधीच्या अनुभवाने भरतो. या अनुभवाच्या साच्याला त्यांनी स्कीमा म्हटले. हा शब्द त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांच्याकडून घेतला होता. क्रिकेटच्या फटक्याचे उदाहरण ते देत. फलंदाज अगदी नवा फटका निर्माण करत नाही आणि जुना जसाच्या तसा मारतही नाही. त्या क्षणाच्या चेंडूसाठी तो घडवतो. आठवणीचेही तसेच. अर्थात, ज्यात माणसाचा जीव गुंतलेला असतो, ते तो नेमके लक्षात ठेवतो. आफ्रिकेत स्वाझी गुराख्याला वर्षापूर्वी विकत घेतलेल्या गुरांच्या किमती आणि अंगावरच्या खुणा जवळजवळ बिनचूक सांगताना त्यांनी पाहिले होते.

१९३१ मध्ये बार्टलेट केंब्रिजचे प्रायोगिक मानसशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी स्मरणावरचे त्यांचे पुस्तक आले आणि रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या प्रयोगशाळेने वैमानिकांच्या थकव्याचा अभ्यास केला. थकलेल्या माणसाची अचूकता घसरते, पण ते त्याला स्वतःला जाणवतेच असे नाही, हे त्यात दिसले. १९४८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ३० सप्टेंबर १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रयोगांत आकडेवारी फारशी नव्हती, सूचनाही सैल होत्या, ही टीका रास्तच होती. पण १९९९ मध्ये काटेकोरपणे केलेल्या प्रयोगात त्यांचे मुख्य निरीक्षण पुन्हा खरे ठरले.

आता राणीच्या आरशाकडे पाहू. ग्रिम बंधूंच्या मूळ जर्मन कथेत राणी खरोखरच आरशाला दोनदा हाक मारते. पुस्तके, नाटुकली, विडंबने यांतून तेच रूप पसरले. चित्रपट आठवताना मेंदू ती जागा या ओळखीच्या रूपाने भरतो. सगळ्यांचा साचा एकच, म्हणून सगळ्यांची चूकही एकच. अर्थात, सगळेच कोडे सुटलेले नाही. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये पिकाचूसारख्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साचा, नजर किंवा चुकीचे चित्र आधी पाहिलेले असणे, यांपैकी कोणतेही एक कारण सर्व चित्रांना लागू पडले नाही.

अशी चूक होणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण नव्हे. निरोगी मेंदूचीच ती रीत आहे. मात्र तिचे भान ठेवावे लागते. दवाखान्यात घरचे चौघे एकसुराने सांगतात, की अमुक गोळीनेच अंगावर पुरळ उठले होते. चौघांनी घरी त्यावर दहा वेळा बोलणे केलेले असते. त्यामुळे ते चार स्वतंत्र पुरावे नसतात, एकाच आठवणीच्या चार प्रती असू शकतात. अपघाताच्या साक्षीदारांचेही तसेच. आपसात चर्चा होण्याआधी प्रत्येकाला वेगळे विचारलेले बरे. म्हणून जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बाळाचे लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. ताप कधी आला, कोणत्या औषधाने त्रास झाला, हे त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवावे.