ग्रंथालयाचे दार उघडणारा गणिती

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेला विद्यार्थी ग्रंथालयाच्या दारात बहुधा घुटमळतो. कपाटांच्या रांगा, पुस्तकांच्या पाठीवरील आकडे आणि देवघेवीच्या टेबलामागची गंभीर मुद्रा पाहून, काही विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, अशी धास्ती त्याला वाटते. ही धास्ती दूर करणे हे ग्रंथपालाचेच कर्तव्य आहे, असा आग्रह आयुष्यभर धरणारे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन प्रारंभी स्वतःच ग्रंथालयातून पळ काढू पाहत होते!

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बोलताना ते अडखळत. तरीही गणितात एम. ए. करून त्यांनी अध्यापनाचा मार्ग पत्करला आणि त्या व्यंगावर हळूहळू मात केली. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. तेथे वाचक फारसे फिरकत नसत. त्या एकांताला कंटाळून थोड्याच दिवसांत त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात परत घेण्याची विनंती केली. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिका, त्यानंतरही इच्छा असेल तर परत या, असे त्यांना सांगण्यात आले.

ती इच्छा पुन्हा कधीच झाली नाही. इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. समाजाच्या सर्व थरांतील माणसे तेथे निःसंकोच वावरताना पाहून ते भारावले. लंडनमधील एका दुकानात त्यांना मेकॅनो हे खेळणे दिसले. त्याच पट्ट्या आणि तेच नटबोल्ट निरनिराळ्या तऱ्हेने जोडून नाना वस्तू बनत होत्या. विषयाचे घटकही असेच जोडता येतील, या कल्पनेतून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. पुस्तकाच्या पाठीवरील आकडा म्हणजे कोडे नव्हे, तो त्या पुस्तकाचा पत्ता. तो उमगला की एका पुस्तकासाठी आलेल्या विद्यार्थ्याला त्याच विषयाची शेजारची दहा पुस्तकेही सापडतात.

१९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी मद्रासच्या ग्रंथालयाचे रूपच पालटले. वाचकाने चिठ्ठी देऊन ताटकळत बसण्याऐवजी कपाटांपर्यंत जाऊन पुस्तके हाताळावीत, हा मुक्तद्वार पद्धतीचा विचार त्यांनी रुजवला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे तिचे सार. नवागताला तालिका, मांडणी आणि संदर्भग्रंथ यांची ओळख ग्रंथपालाने आपण होऊन करून द्यावी, असे त्यांचे मत होते.

पुढे बनारस आणि दिल्ली येथे त्यांनी हेच कार्य केले. १९५७ मध्ये ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला. १९६२ साली बंगळूर येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. त्याच शहरात २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

१२ ऑगस्ट हा दिवस आपल्याकडे त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेस हार घालणे सोपे आहे. दारात घुटमळणाऱ्या विद्यार्थ्याला हाक मारून त्याला काय हवे ते आपुलकीने विचारणे, हे त्यांचे खरे स्मरण ठरेल.