वाट आखणारी अहिल्याबाई

प्रवास करणं एकवेळ सोपं, पण प्रवास आखणं फार अवघड! आमच्या मंडळातल्या पाच जणींनी दिवाळीनंतर आपली आपण गाडी चालवत नर्मदेपर्यंत जायचं ठरवलंय, तेव्हापासून हे मला रोज पटतंय. ड्रायव्हर नाही, दीर नाही, कुणाचा मुलगा 'सोबतीला' नाही. दोघींना गाडी चांगली येते, तिसरी शिकतेय. नगरहून राहुरी, कोपरगाव, मनमाड, मालेगाव, धुळे, शिरपूर. मग सातपुड्यातला बिजासन घाट ओलांडून सेंधवा आणि खलघाटच्या पुलावरून नर्मदा पार करून महेश्वर. चारशे-सव्वाचारशे किलोमीटर होतात. तिथून पुढं साठ-पासष्ट किलोमीटरवर ओंकारेश्वर. मांधाता नावाचं खडकाळ बेट आहे ते, दोन्ही बाजूंनी पाणी. गाडी अलीकडच्या काठाला ठेवायची, पुलावरून पायी जायचं आणि गुडघे साथ देतील तर सातेक किलोमीटरची बेटाची परिक्रमा करायची.

वही उघडून बसलो तर पहिला प्रश्न पेट्रोलचा निघालाच नाही. वाटेत बायकांना आडोसा कुठं मिळणार? अंधार पडला तर उतरायचं कुठं? घाटात गाडी बंद पडली तर हाक कुणाला मारायची? पाणी कुठलं प्यायचं? या प्रश्नांच्या नादानं मी वाचत गेले आणि पोचले आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईंपाशी. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांनी नेमके हेच प्रश्न सोडवले होते, तेही ज्यांचं तोंड कधी दिसणार नाही अशा वाटसरूंसाठी.

अहिल्याबाई होळकर आपल्या ओळखीच्या आहेत त्या फोटोतल्या. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, हातात शिवाची पिंड. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीत, जयंतीच्या बॅनरवर तोच चेहरा. माझं स्पष्ट मत आहे, की त्या पिंडीमागे त्यांच्या हातातली हिशेबाची वही आपण झाकून टाकली.

जामखेड तालुक्यातलं चौंडी हे सीना नदीकाठचं गाव. तिथं ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ही मुलगी जन्मली. धनगर समाजातलं घर, गावची पाटीलकी. त्या काळात मुलींना कोण शिकवणार? पण माणकोजींनी लेकीला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं असं सांगतात, आणि पुढं तिनं जो कारभार केला तो पाहता ते खरंच वाटतं. पुण्याकडे निघालेले सुभेदार मल्हारराव होळकर वाटेत चौंडीला थांबले, देवळात त्यांनी आठेक वर्षांची ही पोर पाहिली आणि आपल्या खंडेरावासाठी सून म्हणून मागितली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलीय. लग्न १७३३ च्या सुमारास झालं. चौंडीची पोर इंदूरच्या होळकरांकडे गेली.

सासू गौतमाबाई मोठी कर्तबगार. त्यांच्याबद्दल थोडं विषयांतर करते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली तिथं आहे. बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली होळकरांच्या घरातल्या बाईंच्या नावावर, म्हणजे गौतमाबाईंच्या नावावर, स्वतंत्र जहागीर करून दिली. तिला 'खासगी' म्हणत. सरकारी दौलत वेगळी, खासगी वेगळी. खासगीचं उत्पन्न घरच्या बाईचं. त्याचा हिशेब तिनं ठेवायचा, खर्च तिनं ठरवायचा. बचत गटाचं काम करताना मी रोज पाहते, की बाईच्या नावावर चार पैसे असले की तिचा आवाज घरात वेगळा लागतो. इथं तर जहागीरच होती! गौतमाबाई १७६१ साली गेल्या आणि ही खासगी सुनेकडे आली. देशभर जी देवळं, घाट, धर्मशाळा अहिल्याबाईंच्या नावानं उभ्या आहेत, त्यांचा खर्च मुख्यतः याच पैशातून झाला. रयतेवर त्यासाठी जादा पट्टी बसवली नाही.

मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुलं. खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून गेले, तेव्हा अहिल्याबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं, अक्षरशः पदर पसरला म्हणतात. म्हाताऱ्या सासऱ्यानं सुनेला चितेपासून मागं वळवणं ही त्या शतकात लहान गोष्ट नव्हती. आणि मागं वळवून त्यांनी तिला कोपऱ्यातही बसवलं नाही, कामाला जुंपलं.

मल्हाररावांनी १७६५ साली सुनेला पाठवलेल्या पत्राबद्दल वाचलं आणि मी दोनदा वाचलं. सासऱ्यानं विधवा सुनेला काय लिहावं? प्रकृतीला जप, उपास फार करू नको? छे! चंबळ उतरून ग्वाल्हेरकडे जावं, तिथं चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना नीट ठेवावा, दारूगोळ्याची होईल तेवढी तजवीज करावी आणि वाट राखण्यासाठी मार्गावर चौक्या बसवाव्यात, अशा सूचना आहेत. कुठली नदी कुठं उतरायची, कुठं किती दिवस थांबायचं, सामान काय, वाटेवर पहारा कसा. प्रवासाची आखणी म्हणजे आणखी काय असतं? फरक एवढाच, की आमच्या यादीत स्टेपनी आणि चिवडा आहे, त्यांच्या यादीत तोफा होत्या. पुढच्या वर्षी, मे १७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर बसलेले मालेरावही वर्षाच्या आत, १७६७ साली दुखण्यानं गेले. आईनंच त्यांना हत्तीच्या पायी दिलं ही कथा कीर्तनात रंगते खरी, पण तिला इतिहासाचा आधार नाही.

नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही. दिवाण गंगाधरपंत चंद्रचूड यांना वाटलं, एखादा लहान मुलगा दत्तक द्यावा आणि कारभार आपण पाहावा. त्यांनी राघोबादादांना हाताशी धरलं. दादा फौज घेऊन माळव्यात आले. अहिल्याबाईंनी एकीकडे फौजेची तयारी केली, तुकोजी होळकरांना क्षिप्रेच्या काठावर उभं केलं, दुसरीकडे माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली आणि शेजारच्या सरदारांना आपलंसं केलं. बायकांची पलटण उभी केली असंही सांगतात. बाईशी लढून जिंकलं तर कौतुक नाही आणि हरलं तर तोंड दाखवायला जागा नाही, हा हिशेब त्यांनी दादांपर्यंत बरोबर पोचवला. दादांनी आपण सांत्वनाला आल्याचं जाहीर केलं. चहापाण्याला आल्यासारखं राहून परत गेले! माधवरावांनी कारभार अहिल्याबाईंकडेच ठेवला, लष्कर तुकोजींकडे दिलं. ही वाटणी जवळजवळ तीस वर्षं चालली. तुकोजींशी त्यांचे खटके उडत, पैशांवरून कुरबुरी होत. पण मोडलं नाही.

राजधानी त्यांनी महेश्वरला नेली, नर्मदेच्या काठावर. तिथला त्यांचा वाडा साधा आहे, आपल्याकडच्या पाटलाच्या वाड्यासारखा लाकडी खांबांचा. रोज दरबार भरे आणि त्या पडद्यात न बसता समोर बसून लोकांचं ऐकत. निपुत्रिक विधवेचं धन सरकारजमा करायची रीत असताना त्यांनी विधवांना आपल्या नवऱ्याची मालमत्ता राखू दिली, दत्तक घेऊ दिला. विणकरांना बोलावून महेश्वरात वसवलं. महेश्वरी साडी आपण आज घेतो ती त्या हातमागांची. मधल्या काळात मागं पडलेली ती कला सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'रेहवा' संस्थेनं पुन्हा बायकांच्या हाती दिली. (आमच्या पाच जणींपैकी निदान तिघी केवळ साडीसाठी येतायत, हे गुपित नाही.)

आता रस्त्याची गोष्ट. सातपुडा आणि विंध्य यांमधल्या वाटा तेव्हा धोक्याच्या. भिल्लांच्या टोळ्या व्यापाऱ्यांचे तांडे लुटत. अहिल्याबाईंनी सुरुवातीला कडक शिक्षा केल्या, फाशीही दिली. नुसत्या शिक्षेनं भागेना. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. डोंगर भिल्लांचा, वाट त्यांच्या दारावरून जाते, तर वाटेवरून जाणाऱ्या मालावर एक लहानशी ठरावीक रक्कम घ्यायचा त्यांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्याला 'भिलकवडी' म्हणत. बदल्यात जबाबदारी कोणती? आपल्या हद्दीतला रस्ता राखायचा, चोरी झाली तर माल शोधून द्यायचा आणि पडीक जमीन कसायची. लुटणाराच राखणदार झाला. आज सेंधव्याच्या रस्त्यावर आपण टोल भरतो, तेव्हा त्या टोलच्या बदल्यात आपल्याला काय मिळतं हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. असो.

मुक्ताबाईचं लग्नसुद्धा याच कामाशी जोडलेलं सांगतात. जो तरुण लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन असं त्यांनी जाहीर केलं आणि यशवंतराव फणसे जावई झाले. जातपात नि घराणं नंतर, आधी काम.

इंग्रज अधिकारी जॉन माल्कम अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी माळव्यात आला. त्यानं जुन्या माणसांकडून ऐकून बरंच टिपलं, १८२३ साली ते छापलं. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट पाण्याची आहे. उन्हाळ्यात रस्त्यावर वाटसरूंना पाणी द्यायला माणसं नेमलेली होती, हे ठीक, पाणपोया आपल्याकडेही असतात. पण महेश्वरजवळ त्यांची माणसं शेतात जाऊन औत थांबवत आणि बैलांना पाणी पाजत. थंडीत गरिबांना कपडे वाटत. पिकांवरून हुसकलेल्या पाखरांसाठी उभी शेतं विकत घेऊन तशीच सोडत. आपल्या दुष्काळी तालुक्यांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि मग त्यांचा तो देशभराचा नकाशा. काशीचं विश्वेश्वराचं देऊळ १७८० साली उभं राहिलं. सोमनाथाचं १७८३, गयेचं विष्णुपद १७८७. काशीचे घाट, केदारनाथ-बद्रीनाथाच्या वाटेवरच्या धर्मशाळा, इकडं वेरूळचं घृष्णेश्वर, तिकडं रामेश्वर, जगन्नाथपुरी, द्वारका. यातली कितीतरी ठिकाणं दुसऱ्यांच्या राज्यात होती. आपली सत्ता नाही तिथं परवानगी काढायची, कारागीर पाठवायचे, पैसे पोचवायचे, पूजेची नि डागडुजीची कायमची नेमणूक करून ठेवायची. देऊळ बांधून फोटो काढून निघून आले असं नाही. उत्तरेतून गंगेच्या कावडी दक्षिणेतल्या देवळांपर्यंत नेमानं जात. हे सारं महेश्वरच्या एका साध्या वाड्यात बसून, पत्रांवर! त्या स्वतः यातल्या बहुतेक ठिकाणी गेल्याच नाहीत. ओंकारेश्वरलाही मातीची लहान शिवलिंगं करून पूजायची नेमणूक त्यांच्या काळातली सांगतात. महेश्वरच्या वाड्यात ती पूजा अजून चालते.

आमच्या आखणीत आम्ही एक वळसा त्यांच्यासाठी घातलाय. मनमाडहून सरळ मालेगावला न जाता चांदवडला जायचं. तिथं होळकरांचा रंगमहाल आहे आणि चांदवड हे खासगीतलंच गाव. आणि निघण्याआधी एका रविवारी चौंडी. गढी, चौंडेश्वरीचं देऊळ आणि सीनेचा काठ पाहायला अर्धा दिवस पुरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, त्रिशताब्दीच्या वर्षी मे २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकही चौंडीत झाली. गाव तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. जामखेडच्या रस्त्याला लागून प्रत्यक्ष किती जणी गेल्या असतील?

संगमनेरची एक आठवणही इथं सांगायला हवी. शाहीर अनंतफंदी आपल्या संगमनेरचे. लावण्या-तमाशात त्यांचं नाव गाजत होतं. अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून ते कीर्तनाकडे वळले असं परंपरा सांगते. लावणी काही वाईट नाही असं माझं मत, तेव्हा या बाबतीत मी बाईंच्या पूर्ण बाजूनं नाही.

शेवटची काही वर्षं फार कठीण गेली. मुक्ताबाईचा एकुलता एक मुलगा नथ्याबा १७९० साली गेला. आजीनं त्याच्यात सगळा जीव गुंतवला होता. वर्षभरानं जावई यशवंतराव गेले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईनं तिच्या पाया पडून विनवलं. एकेकाळी सासऱ्यांनी आपल्याला जसं वळवलं तसं लेकीला वळवायचा प्रयत्न केला. रस्ते राखणाऱ्या, राघोबादादांना परत पाठवणाऱ्या, राज्यभराच्या विधवांना त्यांचं धन मिळवून देणाऱ्या या बाईचं आपल्या लेकीपुढं काही चाललं नाही. माल्कमनं लिहून ठेवलंय, की नर्मदेच्या काठी दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही, कुणाशी बोलल्या नाहीत. मग लेकीची समाधी बांधायचं काम सुरू केलं आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या.

आणखी चार वर्षं त्या कारभार पाहत राहिल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरलाच त्यांचं देहावसान झालं. घाटावर त्यांची छत्री आहे, वरून नर्मदेचं पात्र दिसतं. मुक्ताबाईचं स्मारकही त्याच काठाला आहे.