लू गेरिग : अखंड हजेरीचा खेळाडू

आपल्या देशांत क्रिकेटचें जें स्थान आहे, तेंच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बेसबॉल ह्या खेळाचें आहे. दांडूनें चेंडू टोलवावा आणि धांवा काढाव्या, ही मूळ कल्पना दोहोंची एकच. मात्र बेसबॉलच्या मैदानांत चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. त्यांस बेस म्हणतात. चेंडू टोलविणारा खेळाडू पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यास शिवून मूळ ठाण्यावर परतला म्हणजे त्याच्या संघाची एक धांव होते. टोला इतका जोरकस बसला कीं चेंडू थेट प्रेक्षकांत जाऊन पडला, तर ही फेरी निर्धास्तपणें पुरी करतां येते. अशा टोल्यास होम रन म्हणतात. तो आपल्या षट्काराचा सख्खा भाऊच समजावा.

ज्या काळाची ही हकीकत आहे, त्या काळीं तेथील प्रत्येक मोठा संघ एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरपर्यंत १५४ सामने खेळत असे. म्हणजे जवळ जवळ रोज एक. हंगामाच्या आरंभीं सगळ्याच संघांच्या शौकिनांना आशा असते, आणि अखेरीस विजयी संघाचा जयघोष होतो. पण खेळाची खरी पारख मध्यावर, जुलै महिन्याच्या कडक उन्हांत होते. त्या वेळीं नवेपणा सरलेला असतो, बक्षीस अजून दूर असतें, अंगें दुखूं लागलेलीं असतात. ४ जुलै हा त्या देशाचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशीं जो संघ गुणांच्या कोष्टकांत अग्रभागीं असेल तोच शेवटीं बाजी मारील, असा तेथील शौकिनांचा जुना समज आहे. म्हणून त्या सुमारास जो तो वर्तमानपत्रांतील कोष्टक पुढें घेऊन बसतो व आपल्या संघांतील कोण थकला, कोण जायबंदी झाला, उद्यां कोण खेळेल, ह्याचा हिशेब करीत राहतो. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या शौकिनाला मात्र जवळ जवळ चौदा वर्षें एका गोष्टीचा हिशेब कधीं करावा लागला नाहीं. पहिल्या बेसवर उद्यां कोण उभा असेल, असा प्रश्नच नव्हता. तेथें लू गेरिग असेच.

लूचा जन्म १९ जून १९०३ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. त्याचे आईबाप जर्मनींतून पोटासाठीं अमेरिकेस आलेले होते. त्यांना चार अपत्यें झालीं. पैकीं तीन बालपणींच दगावलीं व एकटा लू राहिला. बाप धातूच्या कामांतला कारागीर होता. पण प्रकृति बरी नसल्यामुळें त्याच्या हाताला नियमित काम नसे. घर चालविलें तें आईनें. लोकांचा स्वयंपाक करावा, कपडे धुवावे, इस्तरी करावी, असा तिचा दिवस जाई. मुलानें शिकून इंजिनियर व्हावें हा तिचा ध्यास होता. चेंडू टोलवून कोणी पोट भरतें, ही गोष्ट तिच्या कल्पनेंत बसत नसे. आपल्याकडील पुष्कळ मातांना तिचें मन सहज कळेल.

तरी मुलाच्या अंगांत बळ होतें, आणि तें लपेना. १९२० सालीं त्याच्या शाळेचा संघ शिकागो येथें सामना खेळण्यास गेला. तेथें लूनें एक टोला असा मारला कीं चेंडू मोठ्या संघांच्या मैदानाबाहेर जाऊन पडला. त्या वेळीं त्याला नुकतेंच सतरावें वर्ष संपलें होतें. पुढें तो कोलंबिया विश्वविद्यालयांत दाखल झाला. तेथील विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहांत आई स्वयंपाकीण होती. मुलगाहि तिच्या हाताखालीं काम करी. येथें त्याच्याकडून एक चूक झाली, ती झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. विद्यापीठांत खेळणाऱ्यानें पैसे घेऊन खेळूं नये असा नियम असतां, १९२१ सालीं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून, खोटें नांव धारण करून, तो हार्टफर्ड येथील धंदेवाईक संघांतून कांहीं सामने खेळला. गोष्ट उघडकीस आली व त्याला वर्षभर विद्यापीठाच्या संघांत मज्जाव झाला. ती शिक्षा त्यानें मुकाट्यानें भोगली.

१८ एप्रिल १९२३ रोजीं न्यूयॉर्कमध्यें दोन सामने झाले. नदीपलीकडे यांकी स्टेडियम ह्या प्रचंड क्रीडांगणाचें उद्घाटन होऊन तेथें हजारोंची गर्दी लोटली होती. अलीकडे कोलंबियाच्या मैदानावर मूठभर लोकांसमोर लू गेरिग चेंडू फेकीत होता, आणि त्यानें एकाच सामन्यांत सतरा प्रतिस्पर्ध्यांना हात हलवीत परत पाठविलें. सामना कोलंबियानें गमावला, ही गोष्ट निराळी. थोड्याच दिवसांत यांकीज संघाचा माणूस करारपत्र घेऊन त्याच्याकडे आला. घरांत आजारपण होतें, पैशाची निकड होती. करारावर सही होतांच पंधराशें डॉलर हातीं येणार होते. शिक्षण अर्धवट टाकून त्यानें सही केली. आई फार कष्टी झाली.

आरंभीं दोन वर्षें तो बहुतेक उमेदवारी करीत होता. १ जून १९२५ रोजीं एका खेळाडूच्या ऐवजीं त्याला क्षणभर दांडू हातीं मिळाला, आणि दुसऱ्या दिवशीं पहिल्या बेसवरील वॉली पिप ह्या जुन्या खेळाडूस बसवून त्याची जागा गेरिगला देण्यांत आली. पिपचें डोकें दुखत होतें म्हणून त्यानें सुटी मागितली आणि त्या एका सुटीनें त्याची जागा कायमची गेली, अशी कथा शौकीन मोठ्या चवीनें सांगतात. कथा गोड आहे, पण तिच्यावर फारसा भरंवसा ठेवूं नये. संघ त्या वर्षीं तळाशीं घसरला होता व व्यवस्थापकाला माणसें बदलणें भागच होतें. तें कसेंहि असो. १ जूनचा सामना धरून पुढील २,१३० सामन्यांत यांकीज संघ गेरिगवांचून एकदांहि मैदानांत उतरला नाहीं.

१९२७ सालचा उन्हाळा यांकीजच्या इतिहासांत सोन्याचा समजतात. संघांत बेब रूथ होता. त्याच्यासारखा लोकांचा लाडका खेळाडू त्या देशांत दुसरा नव्हता. रूथ तिसरा खेळावयास येई व गेरिग चौथा. पुढें पाठीवर आंकडे आले तेव्हां त्याच क्रमानें रूथला ३ व गेरिगला ४ हे आंकडे मिळाले. त्या वर्षीं ४ जुलैस वॉशिंग्टनच्या संघाशीं लागोपाठ दोन सामने झाले. वॉशिंग्टनचा संघ जोरांत होता व ह्या दिवशीं यांकीजची रग जिरेल अशी पुष्कळांची अटकळ होती. सत्तर हजारांवर लोक जमले. यांकीजनीं पहिला सामना १२ विरुद्ध १ व दुसरा २१ विरुद्ध १ अशा धांवांनीं जिंकला! हंगामाच्या मध्यावरच बाकीच्या संघांची आशा मावळली. मग शौकिनांना उरलें काय? तर रूथ व गेरिग ह्यांची आपसांतली चढाओढ. होम रनच्या संख्येंत आज एक पुढें, उद्यां दुसरा, असें उन्हाळाभर चाललें. सप्टेंबरच्या सुरुवातीसहि दोघे बरोबरीला होते. शेवटच्या महिन्यांत गेरिगची आई आजारी पडली, तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि मुलाचें अर्धें चित्त इस्पितळांत गुंतलें. वर्षाअखेर रूथचे ६० व गेरिगचे ४७ होम रन झाले. संघानें १५४ पैकीं ११० सामने जिंकले.

गेरिगच्या नशिबीं दुसऱ्याच्या सावलींत उभें राहणें फार आलें. ३ जून १९३२ रोजीं त्यानें एकाच सामन्यांत चार होम रन मारले. विसाव्या शतकांत तोंपर्यंत हें कोणालाहि साधलें नव्हतें. पण नेमक्या त्याच दिवशीं न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाचा वृद्ध व प्रख्यात व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ ह्यानें निवृत्ति पत्करली, आणि वर्तमानपत्रांतील ठळक जागा त्या बातमीस मिळाली. गेरिगनें ह्याबद्दल कधीं कुरकुर केल्याचें ऐकिवांत नाहीं. तो मितभाषी होता, काटकसरी होता, आणि १९३३ सालीं तिसाव्या वर्षीं एलिनॉर ट्विचेल हिच्याशीं लग्न होईपर्यंत आईबापांजवळच राहत होता.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सलग १,३०७ सामन्यांचा जुना विक्रम त्यानें मागें टाकला. ह्या हजेरीची किंमत शरीराला द्यावी लागत होती. पुढें त्याच्या हातांचीं क्ष-किरणचित्रें काढलीं, तेव्हां हाडें ठिकठिकाणीं मोडून पुन्हां सांधल्याच्या अनेक खुणा आढळल्या. त्या प्रत्येक वेळीं हा मनुष्य दुसऱ्या दिवशीं मैदानांत हजर होता. जुलै १९३४ मध्यें पाठीच्या तिडकीनें तो सामन्यांतून मध्येंच निघून गेला. दुसऱ्या दिवशीं केवळ क्रम तुटूं नये म्हणून त्याचें नांव यादींत सर्वांच्या आधीं घातलें. त्यानें एक टोला मारला, पहिलें ठाणें गांठलें आणि लगेच तो बाहेर जाऊन बसला. माझ्या मतें ही हजेरी कागदावरची होती, आणि तिच्यावांचून त्याचा मोठेपणा तिळभरहि कमी झाला नसता. परंतु ह्याच वर्षीं टोल्यांची सरासरी, होम रन व मिळवून दिलेल्या धांवा ह्या तिन्ही बाबतींत त्यानें आपल्या विभागांत पहिला क्रमांक मिळविला, हेंहि सांगितलें पाहिजे. पुढील वर्षीं तो संघनायक झाला.

१९३८ च्या हंगामांत त्याच्या टोल्यांतला जोर ओसरूं लागला. वयामुळें असेल, असें लोक म्हणूं लागले. १९३९ च्या वसंतांत मात्र बुटांचे बंद बांधतांनाहि त्याचीं बोटें अडखळूं लागलीं. पहिल्या आठ सामन्यांत मिळून त्याला चारच साधे टोले मारतां आले. एका सामन्यांत अगदीं सोपा चेंडू अडविल्यावर सोबत्यांनीं त्याची वाहवा केली. ती वाहवा त्याच्या जिव्हारीं लागली. कारण ती कींव होती, हें त्यानें ओळखलें. व्यवस्थापक जो मॅकार्थी हा त्याला स्वतः होऊन कधींच बसविणार नव्हता. तेव्हां २ मे रोजीं डेट्रॉइट येथें गेरिगनेंच त्याच्याकडे जाऊन संघाच्या हितासाठीं आपलें नांव काढण्यास सांगितलें. संघनायक ह्या नात्यानें स्वतःचें नांव नसलेली यादी त्यानें आपल्या हातानें पंचांकडे नेऊन दिली. मग तो बांकावर येऊन बसला व त्याचे डोळे भरून आले. त्या दिवशीं यांकीजनीं २२ विरुद्ध २ असा विजय मिळविला.

जूनमध्यें मिनेसोटा संस्थानांतील मेयो रुग्णालयांत त्याची तपासणी झाली. स्नायूंना चालना देणारे मज्जातंतू हळूहळू मरत जातात व मन मात्र पुष्कळदां अखेरपर्यंत स्वच्छ राहतें, असा तो रोग निघाला. निदान झालें तो दिवस त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवसाचा होता. ह्या रोगावर अद्यापहि खात्रीचा उपाय नाहीं. अमेरिकेंत सामान्य लोक त्याला गेरिगच्याच नांवानें ओळखतात.

मग पुन्हां ४ जुलै आला. यांकीज कोष्टकांत कितीतरी पुढें होते. पुन्हां वॉशिंग्टनचाच संघ समोर होता आणि पुन्हां दोन सामने होते. परंतु त्या दिवशीं आलेल्या ६१,८०८ प्रेक्षकांना धांवांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. पहिला सामना यांकीजनीं एका धांवेनें गमावला, त्याचीहि कोणाला खंत वाटली नाहीं. मधल्या वेळांत १९२७ चे जुने सोबती मैदानांत उभे राहिले. संघानें भेटी दिल्या, प्रतिस्पर्धी संघानें दिल्या, मैदानाची निगा राखणाऱ्या नोकरांनींहि दिल्या. त्या हातांत धरून ठेवण्याचें बळ गेरिगला नव्हतें. तो एकेक वस्तु घेई व लगेच खालीं ठेवी. बोलण्याचीहि त्याला इच्छा नव्हती. लोकांनीं आग्रह धरला तेव्हां तो ध्वनिक्षेपकापुढें आला आणि आपण जगांत फार भाग्यवान आहोंत असें सांगूं लागला. सोबत्यांचे, प्रतिस्पर्ध्यांचे, नोकरांचे त्यानें आभार मानले. स्वतःच्या मुलीशीं भांडण झालें असतां जांवयाची बाजू घेणाऱ्या सासूचीहि आठवण त्यानें काढली. आपल्याला शिक्षण मिळावें व शरीर कमावतां यावें म्हणून आईबापांनीं जन्मभर कष्ट केले, हेंहि त्यानें सांगितलें. पत्नीचें धैर्य त्यानें सर्वांहून अधिक वाखाणलें. कांहीं वर्षें त्याच्याशीं अबोला धरलेला बेब रूथ पुढें आला व त्यानें गेरिगला मिठी मारली. दुसरा सामना यांकीजनीं ११ विरुद्ध १ असा जिंकला.

हंगामाचा उरलेला अर्धा भाग गेरिग रोज संघाबरोबर बांकावर बसून होता. यांकीजनीं तें वर्षहि जिंकलें; तें त्यांचें ओळीनें चौथें अजिंक्यपद. पुढें त्याचा ४ हा आंकडा दुसऱ्या कोणास द्यावयाचा नाहीं असें संघानें ठरविलें. मोठ्या बेसबॉलमध्यें असा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू.

१९३९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या नगराध्यक्षांनीं त्याला बंदिवानांच्या सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळावर नेमलें. नांव विकून पैसा मिळविण्याचे दुसरे मार्ग असतांहि त्यानें हें काम पत्करलें. तुरुंगांत जाऊन तो बंदिवानांच्या भेटी घेई, त्यांचे कागद बारकाईनें वाची. पुढें पुढें लेखणी धरवेना. तेव्हां पत्नी त्याचा हात धरी व सही होई. मृत्यूपूर्वीं सुमारें एक महिना त्यानें हें काम सोडलें. २ जून १९४१ रोजीं रात्रीं राहत्या घरीं त्याचें देहावसान झालें. वॉली पिपची जागा त्याला मिळाली, त्यास त्या दिवशीं बरोबर सोळा वर्षें झालीं होतीं.

त्याचा २,१३० सामन्यांचा विक्रम छपन्न वर्षें टिकला. ६ सप्टेंबर १९९५ रोजीं बाल्टिमोर येथें कॅल रिपकेन ह्या खेळाडूनें तो मागें टाकला, तेव्हां सामना थांबवून लोक कितीतरी वेळ टाळ्या वाजवीत होते. प्रेक्षकांत ऐंशी वर्षांचा जो डिमॅजिओ बसला होता. १९३९ च्या त्या ४ जुलैस, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तो यांकीजचा पोषाख घालून त्याच मैदानांत गेरिगजवळ उभा होता.